आधी उठता येतंय का बघा, पळायचं नंतर

प्रश्न असा आला आहे: "मी ४६ वर्षांची, लातूरला बँकेत नोकरी. कॉलेजात धाराशिवला असताना खो-खो खेळायचे, विद्यापीठाच्या संघापर्यंत गेले होते. लग्नानंतर सुटलं ते सुटलंच. मुलगी आता नववीत आहे, तीही खेळते. परवा हौसेनं तिच्या मैदानावर उतरले. दुसऱ्याच खोला उठताना गुडघ्यात कळ आली, वळताना तोल गेला आणि सगळ्या पोरींसमोर आपटले. फार लागलं नाही. पण मुलगी म्हणाली, 'आई, उगं बस की गं आता.' तेव्हापासून मैदानाकडं जावंसं वाटत नाही. खरंच वय झालं का? पाळीही पुढं-मागं व्हायला लागली आहे, त्याचा याच्याशी संबंध असतो का?"

ताई,

खो-खो खेळलेल्या बाईनं 'बस' या शब्दाचं एवढं वाईट वाटून घेऊ नये. पाठलाग करणाऱ्या नऊ जणींपैकी आठ जणी बसलेल्याच असतात. पळणारी हळू होती म्हणून डाव गेला, असं मी फार कमी वेळा पाहिलंय. पाठीवर खो पडला आणि बसलेली पोरगी उठेपर्यंत समोरची निसटली, हे मात्र रोजचं. तुम्हीही पळताना पडला नाहीत. तुमचंच वाक्य परत वाचा: 'उठताना गुडघ्यात कळ आली.' पुढचं सगळं त्या उठण्यातून झालं.

म्हणून उत्तर आधी सांगते, पाल्हाळ नंतर. वय झालंय, पण ४६ जितकं होतं तितकंच. खेळता येईल. फक्त तुम्ही सुरुवात पळण्यापासून केलीत, ती उठण्यापासून करायची होती.

मी ५८ वर्षांची. धाराशिव जिल्ह्यात शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून ३४ वर्षं काढली आणि याच वर्षी निवृत्त झाले. हजारभर पोरी तरी हाताखालून गेल्या असतील. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या पोरींनी शिकवलं नाही. ते माझ्या उजव्या टाचेनं शिकवलं. तिच्याकडं येतेच.

आज रात्री घरी एक करून बघा. चटई टाका, पलंग हाताच्या अंतरावर असू द्या. उभ्यानं सावकाश मांडी घालून खाली बसा. मग हात, गुडघा, कोपर काही न टेकता उठा. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी यावर दहा गुणांची परीक्षाच केली आहे: बसण्याचे पाच, उठण्याचे पाच. जितक्या वेळा हात किंवा गुडघा टेकाल तितके गुण वजा, नुसता तोल डळमळला तर अर्धा. ५१ ते ८० वयाची दोन हजार माणसं त्यांनी अशी तपासली आणि पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांचे गुण फार कमी होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. घाबरवायला सांगत नाही. उठण्यात पायाची ताकद, कमरेची लवचीकता आणि तोल तिन्ही एकदम तपासले जातात, एवढंच म्हणायचंय. गुडघा आत्ता दुखत असेल तर ही परीक्षा चार दिवस पुढं ढकला.

आमची आई ऐंशीची होईपर्यंत चुलीपुढं उकिडवी बसून भाकरी थापायची. तव्यावर भाकरी टाकून पीठ आणायला उठायची, परत बसायची. तिला व्यायाम हा शब्दच माहीत नव्हता. आपण ओटा आणला, डायनिंग टेबल आणलं, कमोड आणला, तुमच्याकडं तर काउंटरमागची चाकाची खुर्चीही आली. सोयी वाईट नाहीत, मीही आता चुलीकडं परत जाणार नाही. पण पंधरा-वीस वर्षांत आपल्या घरातून उकिडवं बसणं नाहीसं झालं, आणि त्या दिवशी मैदानावर तुम्ही एकदम तेच गुडघ्याला करायला सांगितलं. तेही दोन सेकंदांत. गुडघा बोंबलणारच.

शरीरात काय होतं तेही समजून घ्या, म्हणजे स्वतःला शिव्या देणं थांबेल. तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्क्यांनी कमी होत जातात. त्यातही आधी जातात ते झटक्याचे तंतू, म्हणजे एकदम उसळायला, दिशा बदलायला, सूर मारायला लागतात ते. सावकाश जोर लावणारे बरेच मागून जातात. म्हणून पन्नाशीची बाई पंढरीची वारी चालते आणि खो-खोच्या एका डावात कोलमडते. आपला खेळ निव्वळ झटक्याचा आहे. मॅरेथॉनवाल्याला जे वय पन्नाशीत दिसतं, ते आपल्याला पस्तिशीतच दिसतं.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची, आणि ती कुणी सांगत नाही. रोज थोडं पळायला लागलं की दम सहा-आठ आठवड्यांत बऱ्यापैकी परत येतो. आपल्याला वाटतं, जमलं की! पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या शिरा, म्हणजे कंडरा, इतक्या लवकर तयार होत नाहीत. त्यांना महिने लागतात. दम म्हणतो चल, कंडरा म्हणते थांब. आणि आपण दमाचं ऐकतो.

मी ऐकलं होतं. मीही तेव्हा ४६ चीच होते. शिक्षकांच्या क्रीडा स्पर्धा होत्या, डिसेंबरातली थंड सकाळ. आदल्या दोन महिन्यांत मी रोज मैदानाला फेऱ्या मारल्या होत्या, त्यामुळे भलतीच खुशीत होते. अंग गरम करायला वेळ नव्हता, कारण पाहुण्यांचं भाषण लांबलं आणि मग सगळी घाई. तिसऱ्या मिनिटाला खांबाला वळसा घालून उजव्या पायानं जमीन रेटली आणि मागून कुणीतरी टाचेवर लाथ मारली. मी चिडून मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. टाचेमागची जाड शीर तुटली होती. आवाज बाकावर बसलेल्या बाईंनाही ऐकू गेला म्हणे.

पुढची गंमत ऐका. पहिल्या दवाखान्यात 'लचक आहे' म्हणून सांगितलं. मग एकानं तेल लावून चोळून दिलं. अठरा दिवस मी लंगडत शाळेत गेले. जिना उतरता यायचा, पण उजव्या पायाच्या चवड्यावर उभं राहता यायचं नाही. कधी असं वाटलं, तर पालथं झोपा आणि घरच्याला पोटरी दाबायला सांगा. शीर शाबूत असेल तर पोटरी दाबली की पाऊल हलतं. हललं नाही तर चोळत बसू नका, त्याच दिवशी हाडाचा डॉक्टर गाठा. ही साधी तपासणी मला कुणीतरी पहिल्या दिवशी करायला हवी होती. ऑपरेशन झालं, प्लास्टर झालं, नीट चालायला पाच महिने गेले.

पाय बरा झाला, मी मात्र बरी झाले नाही. सरळ पळता यायचं, पण खांबाजवळ आलं की पाय आपोआप मंदावायचा. पोरींना शिकवताना मी खांबाचा वळसा तोंडानं सांगायची, करून दाखवायची नाही. वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सातवीतल्या एका पोरीनं विचारलं, "बाई, तुम्ही खांबाला भिता का?" मी तिला पाणी आणायला पिटाळलं.

तुमचं आत्ता जे झालंय ना, मैदानाकडं जावंसं न वाटणं, ते हेच. त्याला आत्मविश्वास गेला म्हणतात. माझ्या मते तो जात-बित नाही. शरीरानं एक हिशेब मांडून ठेवलेला असतो: या जागी, ही हालचाल केली, दुखलं. नुसतं 'मनाचा हिय्या करा' म्हटल्यानं तो हिशेब पुसत नाही. त्याच जागी तीच हालचाल बारीक करून, न दुखता, पुष्कळ वेळा करावी लागते. मी खांबाला चालत वळसे घातले. रोज वीस, दहा उजवीकडून, दहा डावीकडून. महिनाभरानं जरा भरभर. तीन महिन्यांनी पळत. सकाळी सहाला, मैदानावर कुत्रं नसताना. शेवटी एके दिवशी त्या सातवीतल्या (तोवर आठवीतल्या) पोरीला बोलावलं आणि वळसा मारून दाखवला. तिच्या लक्षातही नव्हतं तिनं कधी काय विचारलं होतं ते.

आता पाळीचं. संबंध असतो, आणि चांगलाच असतो. ४५ ते ५५ च्या दरम्यान बहुतेकींची पाळी थांबते, आपल्याकडं पंचेचाळिशीच्या आसपासच पुष्कळजणींची. थांबायच्या आधी काही वर्षं ती अशीच पुढं-मागं होते. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं संप्रेरक, उतरायला लागलं की हाडं लवकर झिजतात, सांधे सकाळी आखडतात, रात्री घाम येऊन झोप मोडते. आणि झोप मोडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सगळ्याच गोष्टी अवघड वाटतात, मैदानसुद्धा. या काळात रक्तस्राव जास्त होत असेल तर आधी हिमोग्लोबिन बघा. बाईचं १२ च्या खाली असेल तर तो पंडुरोग समजतात. आमच्या संध्याकाळच्या गटात एक अंगणवाडीताई आल्या होत्या, दोन मिनिटं पळाल्या की डोळ्यांपुढं अंधारी यायची. त्या म्हणायच्या, वय झालं. तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. डॉक्टरांनी औषधं दिली, तीन-चार महिन्यांनी त्याच बाई आमच्यात सगळ्यात जास्त पळत होत्या. वय तेच होतं की! म्हणून म्हणते, वयावर खापर फोडायच्या आधी रक्त, बीपी, साखर आणि थायरॉइड एवढं तपासून घ्या. घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल किंवा चढताना छातीवर दाब येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मैदानात पाऊल नको.

आणखी एक गोष्ट लिहिते, जी तुम्ही विचारली नाही आणि बायका शक्यतो विचारतही नाहीत. पळताना, उडी मारताना, शिंकताना लघवीचे थेंब जातात. बाळंतपणं झालेल्या कितीतरी जणी खेळ गुडघ्यामुळं नव्हे, यामुळं सोडतात, आणि कारण 'वेळ मिळत नाही' असं सांगतात. मीही सांगायची. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा एक झोळणा असतो, तो ढिला पडलेला असतो. लघवी रोखताना जे आवळतो ते आवळायचं, पाच सेकंद धरायचं, सोडायचं, दहा वेळा. असं दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या ताठ करायच्या नाहीत, आणि लघवी करता करता हा व्यायाम करायचा नाही. काउंटरला बसून करता येतो, समोरच्या खातेदाराला कळतही नाही. तीन महिने नेटानं केला तर बहुतेकींना फरक पडतो. नाही पडला तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, त्यांना यात नवल वाटत नाही.

तर आता करायचं काय. पहिले दोन महिने खो-खो नाही. मुलीच्या मैदानावर जा, पण कडेला.

खुर्चीवरून हात न लावता उठायचं आणि बसायचं. बसताना धपकन नाही, तीन मोजत. दहा-दहाचे दोन फेरे, एक दिवसाआड. सोपं वाटायला लागलं की खुर्चीच्या जागी बुटका स्टूल, मग पाट. गुडघा चवड्याच्या रेषेत राहिला पाहिजे, आत वळला की थांबा. हे मी आरशापुढं करायला सांगते, कारण आपला गुडघा आत वळतोय हे आपल्याला कधीच पटत नाही. मग टाचा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, कठडा धरायचा, दोन्ही पायांनी वर जायचं आणि अगदी सावकाश टाचा पायरीच्या खाली सोडायच्या. पंधराचे तीन फेरे. माझी शीर तुटण्याआधी वर्षभर हे केलं असतं तर ती कदाचित तुटली नसती. पोटरी दुखेल, त्याला भिऊ नका. नियम एकच ठेवा: आज केलेल्याचं दुखणं उद्या सकाळी आजच्यापेक्षा वाढलेलं असेल, तर जास्त झालं. निम्मं करा, बंद करू नका.

चालायचं रोज. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. भरभर चालणं म्हणजे बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतकं. तिसऱ्या आठवड्यापासून मध्ये मध्ये एक मिनिट हळू पळा, दोन मिनिटं चाला. आपल्या उन्हाळ्यात मार्च संपला की सकाळी सातच्या आत आटपा. आणि काळ्या मातीच्या रानात पळू नका. एप्रिलमध्ये तिला भेगा पडतात, घोटा मुरगळायला एक भेग पुरते. मुरमाचा रस्ता चांगला.

वजनं आणायला जिममध्ये जायलाच पाहिजे असं नाही. तुम्ही लातूरच्या. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा तुम्ही घरी पाण्याचे कॅन चढवले असतीलच. त्या वेळी कुणी तुम्हाला वय विचारलं नाही. पाच लिटरचे दोन कॅन घ्या, दोन हातांत एकेक, आणि अंगणात पाठ सरळ ठेवून फेऱ्या मारा.

खाण्याचं थोडक्यात, पण ऐका. ताकदीच्या व्यायामाला प्रथिनं लागतात, वजनाच्या प्रत्येक किलोला साधारण एक ग्रॅम धरा. साठ किलोच्या बाईला साठ ग्रॅम. एका भाकरीत सहा-सात, अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात. भाकरी-पिठलं-शेंगदाण्याची चटणी हे आपलं जेवण काही वाईट नाही. अडचण उपासांची आहे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, आणि प्रत्येक दिवशी साबुदाणा, म्हणजे निव्वळ स्टार्च. देवाला माझा विरोध नाही. उपासाला दही-ताक, शेंगदाणे चालतात, ते वाढवा, साबुदाणा कमी करा.

दोन महिन्यांनी पाटीवर, म्हणजे मैदानाच्या मधल्या ओळीत खो घ्यायच्या जागेवर, बसायचं. बसण्याच्या दोन पद्धती तुम्ही शिकलेल्या असाल. पॅरलल टो, म्हणजे दोन्ही पावलं एका रेषेत, आणि बुलेट टो, म्हणजे धावपटू सुटायला बसतो तसं एक पाय पुढं, एक मागं. कॉलेजात तुम्ही बहुधा पॅरलल बसत असाल, त्यात दोन्ही बाजूंना झटकन वळता येतं. पण दोन्ही गुडघे पूर्ण मुडपतात. आता बुलेट टो घ्या. मागच्या पायाचा चवडा रोवलेला, वजन हातांवर नको, पुढच्या पावलावर. उठताना आधी डोकं वर येऊ देऊ नका, छाती पुढं सरकू द्या, मग मागचा पाय रेटा. वरच्या दिशेला उठलात तर सगळा भार गुडघा घेतो. पुढच्या दिशेला उठलात तर तो कुल्ल्यावर जातो. हे शिकवायला मला एकेका बाईमागं आठवडा लागतो, कारण 'उठ' म्हटलं की माणूस वरच उठतो. आमच्यातल्या एका दुकानदारबाईंच्या डोक्यावर मी वीतभर अंतरावर आडवी काठी धरायची. डोकं काठीला लागलं की परत बस. चाळीस वेळा काठी लागली. एक्केचाळिसाव्या वेळी त्या काठीखालून अशा निघाल्या की मीच बाजूला झाले.

आमचा गट म्हणजे काय, तर संध्याकाळी शाळा सुटल्यावर जमणाऱ्या बारा-चौदा बायका. सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. आमचे नियम वेगळे आहेत. डाव तीन मिनिटांचा. सूर मारायला बंदी. खांबाला हात लावून वळायचं नाही, खांबामागून मोठा वळसा घ्यायचा. मैदान अर्धं. पोरी हसतात, म्हणतात हा काय खो-खो आहे का? मी त्यांना सांगते, मास्टर्स ॲथलेटिक्स पस्तिशीपासून सुरू होतं आणि त्यात दर पाच वर्षांचा गट वेगळा असतो. बाईचा गोळा चार किलोचा, पन्नाशीला तीन किलोचा होतो, पंचाहत्तरीला दोन किलोचा. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. गोळा हलका होतो, फेकणं तेच राहतं. आणि आपला खो-खो तरी कुठं तसाच राहिलाय? आपण मुरमावर नऊ मिनिटांचा डाव खेळलो. २०२२ ला अल्टिमेट खो-खो लीग आली, तिच्यात डाव सात मिनिटांचा, खेळ मॅटवर आणि दोन्ही दिशांना पळायची मुभा असलेला 'वझीर'. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, आपल्या बायकांनी नेपाळला ७८-४० नं हरवलं, तोही मॅटवर. टीव्हीसाठी नियम बदलता येतात तर गुडघ्यासाठी का नाही?

मॅटवरून आठवलं. मुलीच्या शाळेत मॅट असेल तर तुम्ही सुरुवातीला त्यावर वळू नका. मातीत पाय थोडा घसरतो, ते घसरणं गुडघ्याला वाचवतं. मॅट पाऊल धरून ठेवतं आणि वळतो तो गुडघा.

लोक काय म्हणतील, हे तुम्ही लिहिलं नाही, पण ओळींमध्ये दिसतंय. मी नोकरीला लागले तेव्हा तालुक्याच्या गावात बाईनं ट्रॅकपँट घालून मैदानावर उभं राहणं हीच बातमी होती. एका पालकानं मुख्याध्यापकांकडं तक्रार केली होती. वीस वर्षांनी त्याच पालकाची नात माझ्या संघात होती, ट्रॅकपँटमध्येच. सारिका काळे २०१६ ला दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार झाली, सुवर्णपदक आणलं, २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्या धाराशिवची पोरगी. त्यानंतर पोरींच्या कपड्यांवर बोलणारे गप्प झाले. आणि आपल्या वयाबद्दल खरं सांगू? चाळिशी उलटली की बाईकडं कुणी बघतच नाही. याचं मला एक-दोन वर्षं वाईट वाटलं. मग कळलं, ही तर सोय आहे. सकाळी सहाला मी वाकडीतिकडी कशीही पळते, रस्त्यावरचा माणूस दूधवाल्याकडं बघत असतो.

पोरी हसल्या असतील. पोरी सगळ्यालाच हसतात, त्या वयाचं ते काम आहे. तुम्हाला खुपलं ते त्यांचं हसणं नाही. तुमच्या डोक्यात २१ वर्षांची एक मुलगी अजून सूर मारते आहे, आणि तुम्ही तिच्याशी सामना लावला होता. तिच्याशी कुणीच जिंकत नाही. मी माझ्या वेळा लिहायला वही ठेवली, तेव्हा पहिल्या पानावर कॉलेजातल्या वेळा लिहिल्या होत्या. ते पान मी फाडलं. वही टाच बरी झाल्याच्या तारखेपासून सुरू केली. तुमची परवाच्या पडण्यापासून सुरू करा: अमुक तारखेला हात दोनदा टेकले, अमुक तारखेला एकदा. त्यात नुसत्या तारखा आणि आकडे लिहायचे, मन कसं होतं ते लिहायचं नाही.

एक गोष्ट परत येणार नाही, तीही सांगते. सूर. जमिनीला समांतर झेपावून समोरच्याला बोटानं टेकवणं, ते गेलं. मी पन्नाशीत एकदा गादीवर करून पाहिला, खांदा तीन आठवडे धरला होता. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कशानं भरून आलेलं नाही. पण एक नवीन आलं, जे विशीत नव्हतं. पळती कुठं वळणार हे आता मला ती वळायच्या आधी दिसतं. तिचा खांदा सांगतो. विशीत मी तिच्या पायांकडं बघायची आणि नुसती पळायची. आता पाटीवर बसल्या बसल्या मी खांदे वाचते, आणि दोन पावलांत काम होतं. आमच्या गटातल्या बायका पोरींबरोबर अर्ध्या मैदानावर खेळतात तेव्हा दर वेळी हरतात, पण एखाद-दोन पोरींना अशा बाद करतात की त्या पोरी कमरेवर हात ठेवून उभ्याच राहतात.

तुमच्या मुलीला एक काम द्या. तिच्याकडं मोबाइलचं घड्याळ असू द्या, दर रविवारी तुम्ही चटईवरून दहा वेळा उठायला किती सेकंद लागतात ते तिनं मोजायचं आणि वहीत लिहायचं. तुम्ही मोजू नका, आपण स्वतःला सवलत देतो. ती देणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत दोघी धाराशिवला आलात तर संध्याकाळी साडेपाचला आम्ही असतो. येताना रक्ताचा रिपोर्ट आणा, आणि बूट नवे घेतले असतील तर आधी दोन आठवडे घालून चालून आणा.